रांजणाचा थांबा

धाराशिव,
६ जानेवारी २०२५

चि. शिवकन्या,

ताजी बातमी आधी. शहराच्या वाहतुकीचा नवा आराखडा शुक्रवारी नगरपरिषदेच्या फलकावर लागला. दुजोरा रामहरीनं दिला. तो तिथं आवक-जावकला बसतो आणि मी बातमीदार होतो तेव्हापासून मला खोटं न सांगणारा तेवढा एकच माणूस आहे. त्यानं मला हाताला धरून फलकापर्यंत नेलं आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. आराखडा करणाऱ्यांत तुझं नाव आहे. आख्खं आयुष्य दुसऱ्यांची नावं छापण्यात गेलं. आपल्या घरातलं नाव छापलेलं बघायची ही पहिलीच वेळ.

फोन करशील म्हणून सांगतो, करू नकोस. फोनमध्ये आता मला पिठाची गिरणी चालल्यासारखं ऐकू येतं. कान गेले ते थोडे छापखान्यात आणि थोडे या रस्त्यावर. मोबाईलवर निरोप येतात, वाचता येतात, पण वाचले की संपतात. तू पत्र लिही. मला उत्तर लिहायचं काम राहील.

तू अकरावी-बारावीला आमच्याकडं होतीस तेव्हाचा रस्ता आता राहिला नाही. सध्या उसाचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर टेप लावून जातात, त्यांच्यामागं ट्रक, ट्रकमागं एसटी. धुळीनं खिडकीची जाळी बुजून गेली आहे. बाकी सगळं तेच. तुझ्या काकूनं ओट्यावर मांडलेला रांजण मी रोज भरतो. साखळीचा पेला कुणी तरी नेला होता, नवीन बांधला. कंडक्टर अजूनही "रांजण, रांजण" असंच ओरडतात म्हणे. मला ऐकू येत नाही, पण भिंतीला पाठ लावून बसलं की गाडी आलेली कळते. फळीवरची भांडी थरथरतात, ती थरथर पाठीला लागते.

एक विचारायचं आहे. नकाशात आपल्या दारातला थांबा मला सापडला नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल. लोक विचारतात, थांबा राहणार का जाणार. लोकांना सांगायला म्हणून कळव.

कोंडीराम बप्पांचा आशीर्वाद


पुणे,
१७ जानेवारी २०२५

ती. बप्पा,

पत्र मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर हातानं लिहिलेलं पाकीट आलं म्हणून आमच्याकडचे सगळे बघत होते. मी ते पर्समध्ये ठेवलं आणि घरी येऊन वाचलं.

आराखड्याचं थोडक्यात सांगते. जड वाहनं आणि बाहेरगावच्या एसटी गाड्या गावातून जाणार नाहीत. त्या बाहेरच्या रस्त्यानं जातील आणि तिथं नवा मोठा थांबा होईल. गावात छोट्या, बॅटरीवरच्या गाड्या फिरतील. त्यांना धूर नाही आणि आवाजही नसल्यासारखा. सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, कलेक्टर कचेरी आणि बाजार त्यांनी जोडले जातील.

हे काम मला मिळालं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, पण डोळ्यांसमोर आपलाच रस्ता होता. बारावीचा अभ्यास मी कानात कापूस घालून केला. काकू ओल्या फडक्यानं खिडकीच्या फटी बुजवायच्या आणि संध्याकाळी ते फडकं पिळलं की काळं पाणी निघायचं. मग त्या मोरीजवळ बसून खोकायच्या. डॉक्टर म्हणायचे, धूळ टाळा. कुठं जाऊन टाळायची, ते कुणी सांगितलं नाही. बप्पा, त्या रस्त्यानं आपल्या घरातलं एक माणूस नेलं आणि तुमचे कान नेले. तो रस्ता एकदा तरी गप्प झालेला मला बघायचा आहे.

थांब्यांबद्दल: नकाशातल्या जागा अजून अंतिम नाहीत. लोकांच्या हरकती आल्या तर त्या विचारात घ्याव्याच लागतात. मुदत १५ फेब्रुवारीपर्यंत आहे. लोक विचारत असतील तर त्यांना सांगा, तोंडी बोलून उपयोग नाही, लिहून द्या. एक हरकत आली तरी पुरते. हे नक्की सांगा.

तब्येत सांभाळा. मी येईनच.

तुमची
शिवकन्या


धाराशिव,
२० फेब्रुवारी २०२५

चि. शिवकन्या,

बातमी: आपल्या रस्त्यावरून तुमच्या आराखड्याला एकही हरकत गेलेली नाही. दुजोरा रामहरीचा. मुदत संपल्यावर त्यानं फाईल उघडून बघितली. इतर भागांतून पुष्कळ आल्या, आपल्याकडून नाही.

हे आपोआप झालं असं समजू नकोस. समोरचा चहावाला गौरीशंकर हरकत लिहून घ्यायला माझ्याकडंच आला होता. गल्लीत कुणालाही अर्ज करायचा तर तो मीच लिहितो, त्यामुळं अख्खा रस्ता माझ्या ओट्यावर. मी आराखड्याचं शेवटचं पान दाखवलं आणि म्हणालो, हे नाव वाचा, ही आमच्या घरातली पोर आहे. गौरीशंकर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "आवं बप्पा, पुतणी तुमची आन पोटावर पाय आमच्या?" मी म्हणालो, "तुझ्या मुलीनं नकाशा काढला असता तर मी विरोधात सही केली असती का?" त्यानं बराच वेळ बशी पुसली. मग म्हणाला, "तुमच्याशी बोलायचं म्हंजे घसा बी जातो आन भांडण बी हारतो." कागद खिशात घालून गेला.

तेव्हा तू निश्चिंत राहा. तुझ्या कामाला आपल्या दारातून आडकाठी नाही.

परवा सिद्धम्मा आली होती. तुझ्या वेळी ती येत नव्हती, म्हणून सांगतो. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरची म्हातारी. महिन्याला सिव्हिलमध्ये औषध घ्यायला येते आणि परतीची गाडी येईपर्यंत आपल्या ओट्यावर बसते. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या बातम्या द्यायला मी सास्तूरला गेलो होतो, त्यामुळं आमची बोलणी जुळली. माझ्याशी ओरडून बोलायचा तिला कंटाळा येत नाही. तिला आराखडा समजावून सांगितला. ती म्हणाली, "आमचं गाव बी असंच कागदावर काडलं हुतं बप्पा. घरं चांगली बांधून दिली, नावं ठिवायला जागा न्हाय. पर रस्ते लई रुंद केले. जुन्या गावात जाऊबाईच्या चुलीवर काय शिजतंय ते मला घरात बसून कळायचं. आता चिमूटभर मीठ मागाया जायचं तर पायात चप्पल घालावी लागती. मग मी मीठ मागायचंच सोडलं."

तिचा स्वभाव गमतीचा आहे. तुला वाचून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

बप्पा


पुणे,
५ मार्च २०२५

ती. बप्पा,

पत्र मिळालं. हरकती आल्या नाहीत हे आम्हालाही ऑफिसमध्ये कळलं होतं. आमच्या वरिष्ठांनी बैठकीत विरोध नसलेला रस्ता म्हणून त्याचं उदाहरण दिलं.

आराखडा आता मंजुरीला जाईल. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, त्यावर काय लिहावं ते कळत नाही.

काम फार आहे. नंतर सविस्तर लिहिते.

शिवकन्या


धाराशिव,
२५ ऑगस्ट २०२५

चि. शिवकन्या,

तुझं सविस्तर पत्र वाटेत असेलच. तोवर इकडची बातमी देतो. पंधरा ऑगस्टपासून आपल्या रस्त्यावरून एसटी आणि ट्रक बंद झाले. या बातमीला दुजोऱ्याची गरज नाही, मी दारातच बसलो होतो. शेवटची गाडी बेंबळीची होती. ड्रायव्हरनं खाली उतरून दोन पेले पाणी प्यायलं आणि रांजणाला हात लावून नमस्कार केला. थांब्याचा पत्रा दुसऱ्या दिवशी काढून नेला.

आता चांगलं सांगतो, कारण चांगलं खरोखर झालं आहे. दोरीवर वाळत घातलेलं धोतर पांढरंच खाली येतं. खिडकी उघडी ठेवून जेवता येतं. समोरच्या गल्लीतली पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि स्टंप आपल्या ओट्याला टेकवतात. तुळशीची पानं धुवावी लागत नाहीत. गौरीशंकरच्या शेजारच्या घरातलं तान्हं बाळ दिवसा झोपतं, असं त्याच्या आजीनं मला खुणेनं सांगितलं. तुझी काकू असती तर तिनं या हवेत पोटभर श्वास घेतला असता. हे मी रोज म्हणतो.

गौरीशंकरनं गाडा बाहेरच्या थांब्यावर हलवला. जाताना म्हणाला, "घ्या आता चांगली हवा. चहा प्यायला मात्र रिक्षा करून या." बोलणारा माणूस आहे, मनात काही ठेवत नाही.

ओट्यावर अजून माणसं येतात. जुनी ओळख कुठं तुटते? सिद्धम्माही येऊन बसून गेली. रस्ता शांत झाल्यानं आम्हाला बोलायला उलट सोपं गेलं. माझी काळजी करू नकोस. या रस्त्यावर राहणारा माणूस म्हणून सांगतो, तुम्ही केलं ते उत्तम केलं.

बप्पा


पुणे,
१५ सप्टेंबर २०२५

ती. बप्पा,

तुमचं पत्र वाचून मी खूप दिवसांनी शांत झोपले. आमच्या यंत्रांनीही तेच सांगितलं. आपल्या रस्त्यावरची धूळ आणि आवाज, दोन्ही आम्ही धरलं होतं त्याहून जास्त खाली आले. आमच्या वरिष्ठ म्हणाल्या, आकडे कुणीही देतं, तिथल्या माणसाचा आवाज हवा. मग मी तुमच्या पत्रातल्या काही ओळी अहवालात घातल्या. धोतराची, तान्ह्या बाळाची आणि "ओट्यावर अजून माणसं येतात, जुनी ओळख कुठं तुटते" ही. खाली "एक ज्येष्ठ रहिवासी, निवृत्त पत्रकार" असं लिहिलं आहे. आपलं नातं लिहिलेलं नाही. तुमची परवानगी आधी घ्यायला हवी होती, पण वेळ नव्हता.

हा अहवाल नगरपरिषदेला गेला. दुसऱ्या दोन गावांनाही तो नमुना म्हणून दाखवणार आहेत. तिथंही गावातले जुने थांबे काढायचे की ठेवायचे हा प्रश्न आहे, आणि तुमची ओट्याची ओळ वाचून आमच्याकडचे सगळे काढायच्या बाजूला झुकले.

बप्पा, खरं सांगा, तुम्ही बरे आहात ना?

शिवकन्या


धाराशिव,
९ ऑक्टोबर २०२५

चि. शिवकन्या,

पेपरात चुकीचं छापून आलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो. तो शक्यतो त्याच पानावर, त्याच जागी द्यायचा, असं आमचे संपादक म्हणायचे. मला आयुष्यात फार खुलासे द्यावे लागले नाहीत. हा एक देतो.

२५ ऑगस्टच्या पत्रात "ओट्यावर अजून माणसं येतात" असं लिहिलं होतं. ते खरं नाही. कुणी येत नाही. पोरं चेंडू आणायला येतात आणि पळतात. मी विचारलेलं त्यांना कळतं, त्यांचं उत्तर मला कळत नाही, म्हणून त्यांनी उत्तर द्यायचं सोडलं. बाकी धोतर, तुळस आणि बाळ हे सगळं खरं आहे. ते कापू नकोस.

सिद्धम्मा येऊन बसून गेली, हेही खरं नाही. ती दिसली. बाहेरच्या थांब्यावरून ती आता तुमच्या बॅटरीच्या गाडीत बसते आणि थेट सिव्हिलच्या दारात उतरते. तिचं चालणं वाचलं, ते चांगलंच झालं. गाडी आपल्या घरावरून जाते. ती खिडकीशी होती. मला बघून तिनं हात वर केला आणि तोंड हलवत काहीतरी म्हणाली. गाडी थांबत नाही इथं, निघून गेली. मी हात वर करेपर्यंत ती वळणावर होती. पुढच्या महिन्यात मी आधीपासून उभा राहिलो, पण मला गाडी आलेली कळतच नाही. पाठीला काही लागत नाही. मान वळवली तेव्हा गाडीची मागची काच दिसली.

रांजण मी अजून भरतो. यंदा पावसानं जिल्ह्याला झोडपलं, चार दिवस दार उघडता आलं नाही. नंतर बघतो तर पाण्यावर शेवाळ धरलं होतं. घासून पुन्हा भरला. पाणी तेवढंच राहतं.

माझं खोटं तुझ्या पत्रापुरतं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून दोन शब्द गोड घातले. पण तू ते अहवालात घातलंस आणि आता त्यावरून दुसऱ्या गावांतले थांबे निघणार असतील, तर ती माझ्या नावावरची चुकीची बातमी आहे. ती दुरुस्त झाली पाहिजे.

आणखी एक. आराखड्याआधी तुमची माणसं पाहणीला आली होती, तेव्हा तू समोरच्या बाजूला होतीस. पिवळं जाकीट आणि तोंडाला मास्क. मी खिडकीतून ओळखलं. तू उभी राहतेस तेव्हा एका पायावर भार देतेस, लहानपणापासून. मला वाटलं, सोबत साहेब लोक आहेत, काका म्हणून पुढं आलो तर पोरीला अवघड जाईल. म्हणून मी खिडकी लावून घेतली. दुपारी उघडली तेव्हा तुम्ही गेला होतात.

हे मी लिहिणार नव्हतो. पण खुलासा द्यायचा तर पूर्ण द्यावा.

बप्पा


पुणे,
२८ डिसेंबर २०२५

ती. बप्पा,

हे पत्र मी ऑक्टोबरपासून लिहिते आहे. आधीची सगळी फाडली.

त्या दिवशी मी सकाळपासून समोर उभी होते. गौरीशंकरकाकांकडून दोनदा चहा घेतला आणि त्यांनीही ओळखलं नाही. मनात होतं की काम आटोपलं की ओटा चढून येईन. तेवढ्यात खिडकी लागली. मला वाटलं, तुम्ही मला बघितलंत आणि रागावलात. काकूंच्या दहाव्यालाही मी उशिरा पोहोचले होते. मी गाडीत जाऊन बसले.

आता थांब्याचं. बॅटरीच्या गाडीचे थांबे मी ठरवले. आपल्या दारात एक थांबा बसत होता. कच्च्या नकाशात तो होता. मी तो काढला. मला भीती वाटली की उद्या कुणी म्हणेल, बाईनं काकाच्या दारात थांबा ठेवला. पुढच्या-मागच्या थांब्यांचं अंतर कमी पडतं असं कारण लिहिलं. ते कारण खोटं नव्हतं, पण दुसरीकडं तेवढ्याच अंतरावर मी थांबे ठेवले आहेत. मग मी वाट बघत राहिले की रस्त्यावरून एखादी हरकत येईल. कुणीतरी मागितलं की मला थांबा परत ठेवता येईल आणि बोलणाऱ्याचं तोंड बंद होईल. म्हणून तुम्हाला लिहिलं होतं, एक हरकत पुरते. तुम्ही ती माझ्यासाठी थांबवलीत. तुमचं ते पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि कुणाला सांगू ते कळेना.

मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहते. काचा दुहेरी आहेत, बाहेरचं काही ऐकू येत नाही. शेजारच्या दाराशी कुणाच्या चपला आहेत हे मला माहीत आहे, त्या कुणाच्या ते माहीत नाही. तुमच्या सिद्धम्माचं मिठाचं वाक्य मी फेब्रुवारीत वाचलं तेव्हा हसले होते.

तुमचा खुलासा मी वरिष्ठांना दिला. तुमचं माझं नातंही सांगितलं. त्यांनी खुलासा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, अहवालातली ती ओळ काढा आणि हे दोन्ही गावांना कळवा. ते झालं आहे. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते त्या नंतर सांगणार आहेत.

पहिले सहा महिने हे सगळं प्रायोगिक आहे. फेब्रुवारीत पुन्हा हरकती मागवतील, नंतर सुनावणी होईल. बप्पा, या वेळी लिहा. माझ्या नकाशाविरुद्ध लिहा. थांबा मिळेल असं वचन मी देऊ शकत नाही. या वेळी देणारही नाही. पण तुम्ही लिहिलं नाहीत तर त्या जागी कुणी थांबत होतं हे कागदावर कुठंच राहणार नाही.

शिवकन्या


धाराशिव,
२३ फेब्रुवारी २०२६

चि. शिवकन्या,

बातमी: रांजणाच्या थांब्यासाठी एक हरकत दाखल झाली आहे. दुजोऱ्याला रामहरीचा शिक्का आहे. शिक्का मारताना त्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं. मग पाटीवर खडूनं लिहिल्यासारखं बोटानं टेबलावर लिहिलं, "पुतणीविरुद्ध?" मी मान हलवली. त्यानं शिक्का जोरात मारला असावा, टेबल हललं.

तुझं पत्र आलं तेव्हा मला तुझा राग आला. खोटं सांगत नाही, आठवडाभर आला. मग स्वतःचा आला, तो जास्त दिवस टिकला. आपल्याकडं आपल्या माणसाच्या आड यायचं नाही, एवढंच शिकवलं गेलं. मी तुझ्या आड आलो नाही आणि तू माझी बाजू घ्यायला भ्यालीस. रस्ता मधल्या मध्ये मोकळा झाला.

हरकत लिहायला बसलो तर गौरीशंकर सल्ला द्यायला आला. त्याचा गाडा तिकडं जोरात चालतो आहे, आता त्याला इकडच्या थांब्याचं देणं-घेणं नाही, तरी आला. म्हणाला, "नुसतं असं लिवू नका. लिवा, पेशंट लोकांचे हाल हुतात. लिवा, शाळेच्या पोरी उन्हात चालत्यात. वजन पडतं." मी म्हणालो, पेशंटांची सोय आधीपेक्षा चांगली झाली आहे, शाळेच्या पोरी सायकलवर बिनधास्त जातात, मी रोज बघतो. तो म्हणाला, "मग हरकत कशाला घेताव? गप घरात बसा की."

बरोबर बोलला. आयुष्यभर मी बातमीत "मी" हा शब्द घातला नाही. आमच्याकडं "समजते", "सांगण्यात आले", "नागरिकांत नाराजी आहे" असं लिहायची पद्धत. पहिला मसुदा तसाच झाला, नागरिकांत नाराजी वगैरे. वाचून फाडला. कुठले नागरिक? शेवटी लिहिलं ते असं:

"जड गाड्या आणि बाहेरगावच्या एसटी बंद केल्या ते योग्य झाले. त्या परत आणू नयेत. मात्र या रस्त्याने जाणारी बॅटरीची गाडी माझ्या घरासमोर थांबावी. येथे पूर्वी माणसे थांबत. मी एकटा राहतो आणि मला ऐकू येत नाही. मला माणसे हवी आहेत. हरकतीचे दुसरे कारण नाही. आराखडा करणाऱ्यांत माझी पुतणी आहे, हे नमूद करतो."

गौरीशंकरनं वाचलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं खिशातलं पेन काढून माझ्या सहीखाली सही केली. मग म्हणाला, "दुसरं कारण न्हाय असं कशाला लिवलंत? मला बी हितं थांबायचं आसतं, त्ये काय कारण न्हाय व्हय?" आणि मला सोमवारी तिकडं चहाला येण्याचं बजावून गेला. आज सोमवार, रिक्षा करून जाऊन आलो. तिथं आवाज पुष्कळ असावा. सगळे ओरडत होते, कुणी माझ्याशी नाही.

सुनावणी मंगळवारी, १० मार्चला, सकाळी अकरा वाजता नगरपरिषदेच्या सभागृहात आहे. तुमच्या कंपनीकडून उत्तर द्यायला तुझंच नाव आलं आहे, म्हणजे तुझ्या वरिष्ठांनी तुला कामावर ठेवलं असं मी धरतो. रामहरीच्या मते आपल्या हरकतीला पाच मिनिटंही मिळणार नाहीत आणि ती बहुतेक फेटाळली जाईल, कारण एका माणसासाठी गाडी थांबवायची प्रथा नाही. तुझं उत्तर काय असावं हे मी सांगणार नाही. फेटाळायची असेल तर फेटाळ, नियमात बसत नाही म्हण. मी आधीच पुढच्या रांगेत येऊन बसेन.

एकच सांगतो. उत्तर देताना अध्यक्षांकडं बघून देऊ नकोस, त्यांना कान आहेत. माझ्याकडं तोंड करून दे आणि सावकाश बोल. ओठ दिसले तर मला बरंचसं कळतं.

बप्पा